अल्टरवाल्या बाईंचा डेक

नवा कपडा शिवून द्या म्हणून कुणी आलं, तर बाई त्याला सरळ समोरच्या गल्लीतल्या शिंप्याकडे धाडत. "कोरं कापड बघितलं की माझं डोकं बंद पडतं," त्या म्हणत. "आधी कुणीतरी चुकवून ठेवलेलं असलं, की मग चालतं."

त्यांचं काम अल्टरचं. सैल पँट घट्ट कर, घट्ट झालेला स्कर्ट सैल कर, कोटाच्या बाह्या आखूड कर, झिपा बदल. दुकान म्हणजे एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालची जागा. त्यात एक मशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा ज्यात गिऱ्हाइकाला स्वतःचं डोकं कधीच दिसत नसे, आणि उजेडासाठी दाराशी ठेवलेलं एक स्टूल. त्या स्टुलावर बसून बाई उसवत. मशीन चालवण्यापेक्षा त्यांना उसवण्याचीच हौस जास्त. शिवण उसवली की शिवणाऱ्याचा स्वभाव कळतो, असं त्यांचं ठाम मत होतं. हा घाईत होता, हिने कापड वाचवायला बघितलं, ह्याचा तर स्वतःवरच विश्वास नाही, एकाच जागी तीनदा टाके घातलेत. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्या हे सगळं मोठ्यानं बोलत, आणि गिऱ्हाइकानेच तो कपडा घरी शिवलेला असला, तर बिचाऱ्याची पंचाईत होई.

ही खोड लहानपणापासूनची. वाढदिवसाला आणलेला फ्रॉक त्यांनी संध्याकाळ व्हायच्या आत उसवला होता, झालर कशी बसवलीय ते बघायला. आईचा धपाटा खाल्ला, पण झालर कशी बसवतात ते कळलं. पुढे वडिलांचं गजराचं घड्याळ उघडलं. ते पुन्हा चालू झालं, फक्त गजर त्याला वाटेल तेव्हा वाजवायचं. लग्न झाल्यावर नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात ओळखलं की आपल्या बायकोपासून घरातली कुठलीच वस्तू सुखरूप नाही. तो शाळेची गाडी चालवायचा. पोराटोरांच्या गलक्यात दिवस काढून आल्यावर घरी इस्त्रीचे सुटे भाग जेवणाच्या टेबलावर पसरलेले बघण्याइतका तो शांत स्वभावाचा होता, हे बाईंचं नशीब.

एके दिवशी एक करडा कोट आला. बाह्या आखूड करायच्या होत्या. उसवण्याआधी खिसे तपासायचे, हा या धंद्यातला पहिला धडा. आजवर बाईंना खिशांत तिकिटं, किल्ल्या, अर्धी खाल्लेली गोळी आणि एकदा तर कुणाची तरी कवळी मिळाली होती. या कोटाच्या आतल्या खिशात पत्त्यांची डबी होती. पण पत्ते नेहमीचे नव्हते. बदाम, चौकट असलं काही नाही. एकावर पंखवाला कोल्हा, एकावर जळती शिडी, एकावर आंधळा तोफवाला. बऱ्याच पत्त्यांवर नुसती विहीर. खाली बारीक अक्षरात मजकूर: 'हा कोल्हा मेला, तर दोन पत्ते टाकून त्याला परत आणता येतो.'

आता मेलेला कोल्हा परत का आणायचा? आणि त्यासाठी पत्ते कुठे टाकायचे? आणि एवढ्या विहिरी, त्याही सगळ्या सारख्या, कशासाठी? बाईंनी कोट बाजूला ठेवला आणि सगळे पत्ते कापायच्या टेबलावर मांडले. त्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना स्टुलावर बसून वाट बघावी लागली.

कोटाचा मालक दोन दिवसांनी आला. "झाला का कोट?"

"नाही झाला. आधी मला सांगा, हा कोल्हा परत येऊन करतो काय?"

तो माणूस पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. जमिनीखाली कुठला पाइप कुठून जातो ते कागदावर उतरवण्यात त्याची हयात गेली होती. बोलणं हळू, चेहरा सज्जन. आजवर त्याच्या या छंदाबद्दल कुणी आपण होऊन काही विचारलं नव्हतं. घरात तर विषय काढला की बायको टीव्हीचा आवाज वाढवायची. तो स्टूल ओढून बसला. तास उलटून गेला तरी उठेना. शेवटी गेला तो कोट न घेताच गेला. बाई आणि त्यांचा नवरा त्याला त्या दिवसापासून कोटवाले म्हणू लागले.

खेळ तसा सांगायला सोपा. प्रत्येकाचा आपापला साठ पत्त्यांचा डेक. बाजारात हजारो पत्ते मिळतात, त्यांतले कुठले साठ घ्यायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं. विहिरी मांडायच्या, विहिरींचं पाणी खर्चून बाकीचे पत्ते खेळायचे, प्राणी उतरवायचे, हल्ले करायचे. दोघांचेही वीस-वीस जीव. ज्याचे आधी संपले तो हरला. खेळण्यांच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दहा-बारा माणसं जमत, आणि कोटवाले त्यांतले सगळ्यांत जुने. फार वर्षांपूर्वी ते एकदा देशपातळीवरच्या मोठ्या स्पर्धेला जाऊन आले होते. तिथे पहिल्याच दिवशी हरून बाहेर पडले, पण त्या सभागृहाचं वर्णन करताना अजून त्यांचे डोळे चमकत. हजार माणसं एकदम पत्ते पिसायला लागली की कसा आवाज होतो, हे ते टेबलावर बोटं वाजवून दाखवत.

बाई शनिवारी जाऊ लागल्या. सुरुवातीला नुसत्या बघायला. बघता बघता त्यांना एका गोष्टीचं नवल वाटायला लागलं. तिथे बहुतेकांचे डेक एकसारखे होते. कुठल्या तरी दूरच्या स्पर्धेत जो पहिला आला त्याची यादी कॉम्प्युटरवर बघायची, तेच साठ पत्ते विकत आणायचे आणि तसेच्या तसे खेळायचे.

"हा डेक कुणाच्या मापाचा?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे काय? जिंकलेला डेक आहे तो," कोटवाले म्हणाले.

"हो, पण तो ज्यांच्याशी खेळून जिंकला, त्यांच्या मापाचा ना? ते लोक इथे कुठे आहेत? इथे तर तुम्ही आहात, ती नर्स आहे, ते मास्तर आहेत."

कोटवाल्यांनी डोकं खाजवलं. वर्षानुवर्षं खेळून ही गोष्ट त्यांच्या कधी मनात आली नव्हती असं नाही, पण इतक्या सरळ शब्दांत कुणी विचारली नव्हती.

मग बाईंनी माणसांची मापं घ्यायला सुरुवात केली. म्हणजे खेळ सोडून माणसांकडेच बघत बसायला लागल्या. नर्स दिवसभर वॉर्डात धावायची, ती इथेही धावायचीच. समोर कोण उभं आहे ते न बघता हल्ला करायची. शाळेतले मास्तर आपला सगळ्यांत भारी पत्ता इतका जपून ठेवत, की तो हातात असतानाच हरत. दोघे जुळे भाऊ होते, त्यांचे डेकही जुळे. एकाला कसं हरवायचं ते कळलं की दुसरा आपोआप कळायचा. आणि कोटवाले? कोटवाले धीराचे. काही न करता थांबून राहायचे, समोरच्याचा तोल गेला की उठायचे.

बाईंनीही आधी तीच जिंकलेली यादी घेतली. त्यांना कोरं काही सुचत नसेच. मग ती उसवायला घेतली. पहिल्यांदा त्यांनी ज्वालामुखीचा राक्षस काढला. तो पत्ता सगळ्यांच्या डेकात होता, चित्रही देखणं होतं, आणि त्याच्याशिवाय खेळणं म्हणजे खुळेपणा, असं सर्वांचं मत पडलं.

"फार उशिरा येतो हो तो," बाई म्हणाल्या. "तो येईपर्यंत नर्सबाई माझा निकाल लावून घरी गेलेल्या असतात."

त्याच्या जागी त्यांनी चिमण्या घातल्या. चिमणी म्हणजे अगदी फुटकळ पत्ता, नव्या पोरांना दुकानदार फुकट वाटतो त्यातला. पण चिमणी पहिल्याच पाळीला उतरते. मास्तर विचार करेपर्यंत चार चिमण्या टोचून जातात. मग विहिरी थोड्या वाढवल्या. सगळं पाणी एका पाळीत उडवायचं नाही, थोडं राखून ठेवायचं, हा बाईंचा हट्ट. शिवणीत आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस जाड झाला की कपडा त्यातून सैल करता येतो. ज्या शिंप्याने माया ठेवली नाही, त्याच्या नावाने बाई रोज खडे फोडत. तेव्हा डेकातही त्यांनी ती ठेवली.

पहिल्या रूपात हा डेक सगळ्यांशी हरला. अगदी कालपरवा खेळ शिकलेल्या माणसाशीसुद्धा. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट मजा वाटली. हरल्यावर त्या समोरच्याला उठूच देत नसत. "थांबा, थांबा. मी कुठे चुकले सांगा. चिमणी आधी टाकली तिथे? का हल्ला केला तिथे?" लोकांना आधी हा विनय वाटला. मग कळलं की ही नुसती चौकशी आहे आणि तिला अंत नाही. मास्तर तर एकदा मुद्दाम हरले, लवकर घरी जायला मिळावं म्हणून. बाईंनी तेही ओळखलं आणि त्यांना त्यावरही प्रश्न विचारले.

हळूहळू, काही वर्षांत, डेक अंगावर बसला. शनिवारी बाई जिंकू लागल्या. आधी नर्सशी, मग जुळ्यांशी, मग मास्तरांशी. एकच गोष्ट त्यांना कळत नव्हती आणि ती कुसळासारखी टोचत होती. कोटवाल्यांशी त्या कधी जिंकत, कधी हरत, पण ते खेळता खेळता शिकवत. "आत्ता नको तो," "बघा, माझ्या किती विहिरी न खर्चता मोकळ्या आहेत बघा," "परत घ्या, परत घ्या, चालेल." अशा खेळात खरं काय आणि खोटं काय? माझा डेक या माणसाच्या डेकाला खरोखर हरवतो की नाही, हे बाईंना जाणून घ्यायचं होतं. बाकी सगळ्या जिंकण्यापेक्षा जास्त.

मग विभागाची स्पर्धा आली. जो पहिला येईल, त्याला देशाच्या मोठ्या स्पर्धेत जागा. एकच जागा. दोघांनीही नावं दिली. पत्ते मळू नयेत, खुणा पडू नयेत म्हणून त्यांना प्लॅस्टिकची पाकिटं घालतात. दुकानात तेव्हा फक्त राखाडी पाकिटं शिल्लक होती, म्हणून दोघांनी तीच घेतली.

स्पर्धा एका कॉलेजच्या व्यायामशाळेत होती. लांबच लांब टेबलं, डोक्यावर वायरीत अडकलेला एक जुना फुटबॉल, आणि काळ्या शर्टातले जज टेबलांमधून फिरत होते. नवरा गाडीला सुट्टी देऊन सोबत आला होता. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो डबा आणि पिशव्या सांभाळत भिंतीशी बसला आणि बाईंनी मान वर केली की हात हलवायचा.

सकाळपासून बाई जिंकत गेल्या. एक डाव हातचा गेला, पण तो पुढच्या दोन डावांत भरून काढला. परगावच्या खेळाडूंना चिमण्या बघून आधी हसू येई. मग येत नसे. दुपारी भिंतीवर शेवटची जोडी लागली आणि तिच्यात त्यांचं आणि कोटवाल्यांचं नाव होतं.

पाणी प्यायला गेल्या तेव्हा कोटवाले नळाशी उभेच होते. "ताई," ते हळूच म्हणाले, "मी सामना सोडतो. तुम्ही जा. नियमात बसतं ते, जजला सांगितलं की झालं. मी एकदा जाऊन आलोय. तुम्ही कुठे गेलात? लग्नाला नाही तर दवाखान्यात, एवढंच."

बाई तिथल्या तिथे भडकल्या. "खबरदार सोडलंत तर! जागा मला हवीच आहे, नको कशाला म्हणू? पण मी ती तुमच्याकडून मागून नाही घेणार. इतकी वर्षं मला एकच गोष्ट कळत नाहीये, ती आज कळेल म्हणून सकाळपासून माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तुम्ही सोडायच्या गोष्टी करता?"

"बरं, बरं. खेळू," कोटवाले म्हणाले.

तीन डावांत दोन जिंकायचे. पहिला कोटवाल्यांनी घेतला, अगदी त्यांच्या पद्धतीने, थांबून थांबून. दोन डावांच्या मधे डेकात थोडी अदलाबदल करता येते, त्यासाठी बाजूला काही पत्ते राखलेले असतात. बाईंनी त्यांतले काही आत घेतले. दुसरा डाव बाईंचा. तिसऱ्याला भोवती माणसं गोळा झाली. नर्स खुर्चीवर उभी राहिली. जजने तिला खाली उतरवलं, तर ती दुसऱ्या खुर्चीवर चढली.

तिसरा डाव लांबला. चिमण्यांनी टोचून टोचून कोटवाल्यांचे चारच जीव उरवले होते. पण त्यांनी दगडी बैल उतरवला आणि बाईंचे दोन जीव उरले. पुढच्या पाळीला बैलाने डाव संपवलाच असता. बाईंनी पत्ता ओढला. लगाम! समोरच्याचा एक प्राणी ओढून आपल्या बाजूला आणायचा, असा तो पत्ता. त्यांनी त्याच्यावर पाणी खर्चलं, बैल उचलून आपल्यापुढे ठेवला. दोन विहिरी तशाच राखल्या. हातात एक पत्ता उरला. कोटवाल्यांच्याही हातात एकच, आणि विहिरी तीन मोकळ्या.

"हल्ला," बाई म्हणाल्या. त्यांचे हात थरथरत होते.

कोटवाल्यांनी हातातल्या पत्त्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. मग ते हसले आणि मान डोलावली. "लागला," ते म्हणाले. "मेलो मी."

टाळ्या झाल्या. बाईंच्या तोंडातून पहिला प्रश्न गेला तो हाच: "हातात काय होतं तुमच्या?"

"विहीर. दुसरं काय असणार?" कोटवाले म्हणाले आणि हात पुढे करताना त्यांनी तो पत्ता टेबलावर पालथा टाकला. मग सही करायला जज आला, फोटोला कुणी ओढलं, नर्सने मिठी मारली. समोरच्याचा पत्ता आपल्याकडे ओढला असेल, तर पहिल्यांदा तो परत द्यायचा, हे या खेळात सगळ्यांना शिकवतात आणि सगळेच विसरतात. त्यात आज बाईंचा नवरा मदतीला धावला. बाईंच्या बाजूला आणि मधे जेवढं राखाडी दिसलं, तेवढं त्याने गोळा केलं आणि डबीत कोंबलं.

घरी जाताना बसमध्ये बाईंच्या लक्षात आलं की डबीचं झाकण बसत नाहीये. त्यांनी पत्ते मांडीवर काढले. दगडी बैल निघाला. "अगंबाई, हा राहिलाच की!" त्या हसल्या. आणि मग त्याच्या पाठोपाठ आणखी एक निघाला, जो त्यांच्या डेकात नव्हताच. त्याच्यावर लिहिलं होतं, पूर. टेबलावरचे सगळे प्राणी ज्याचे त्याच्या हातात परत. किंमत, तीन विहिरींचं पाणी.

बाई त्या पत्त्याकडे बघत राहिल्या. त्या धक्क्यात त्यांना एवढंच दिसलं: पूर टाकला असता तर हल्ला तिथेच विरला असता, बैल परत कोटवाल्यांच्या हातात गेला असता, आणि बाईंकडे दुसरा लगाम नव्हता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं. जिंकलेला कप त्याच्या मांडीवर होता. कुणी बघावं म्हणून त्याने तो पिशवीत घातला नव्हता.

"सोडलं हो त्यांनी. विहीर म्हणाले. खोटं बोलले माझ्याशी."

"म्हणजे तू जिंकली नाहीस?"

"तेच तर मला कळत नाहीये."

नवऱ्याने कपाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि कप पिशवीत घातला. ज्या माणसाला इस्त्रीच्या सुट्या भागांतून जेवायची जागा काढता येते, त्याला कधी गप्प बसायचं हेही कळतं. बाईंना रडू येत होतं आणि संताप येत होता, आणि दोन्हींतलं आधी काय करावं ते ठरत नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस आपल्याला शिकवतो, आणि आपण त्याला हरवू शकतो, एवढंही त्याला वाटत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटवाले दुकानाच्या दारात हजर. चेहरा एकदम प्रसन्न, एखादं पुण्य पदरी पडल्यासारखा. "ताई, माझे दोन पत्ते कमी पडतायत. तुमच्याकडे आलेत का बघता?"

"बसा," बाई म्हणाल्या.

कापायच्या टेबलावर कालचा तिसरा डाव मांडलेला होता. जशाचा तसा. चिमण्या इथे, बैल बाईंच्या बाजूला, विहिरी कुठल्या खर्चून आडव्या केलेल्या आणि कुठल्या अजून उभ्या, सगळं. त्यांना आठवायला कष्ट पडले नव्हते. उसवलेल्या कपड्याचे तुकडे डोळे मिटून परत जागेवर ठेवणाऱ्या बाईंना हे काय जड? कोटवाल्यांच्या बाजूला एक पत्ता पालथा होता. तो त्यांनी उलटला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, मी..."

"बोलू नका. माझा हल्ला झालाय. तुमची पाळी."

"अहो, पण काल मी..."

"कोटवाले, तुमची पाळी."

कोटवाल्यांनी पूर उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग निरुपायाने त्यांनी तो टेबलाच्या मधोमध सरकवला आणि तीन विहिरी आडव्या केल्या. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. गपचूप केलेली चांगली गोष्ट अशी उघड्यावर मोडली जातेय, ह्याचं दुःख त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बाईंनी आपल्या हातातला शेवटचा पत्ता पुरावर ठेवला आणि राखलेल्या दोन विहिरी आडव्या केल्या. बांध. समोरच्याचा एक पत्ता रद्द.

कोटवाल्यांनी वाचलं. चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"हा तुमच्या हातात होता? काल?"

"पहिल्या डावात पूर टाकून तुम्हीच मला बुडवलंत ना? मग मी दुसऱ्या डावाआधी बांध आत घेतला. तुमच्यासाठीच घेतला. दुसऱ्या कुणाकडे पूर आहे इथे?"

"आणि त्या दोन विहिरी... त्या तुम्ही ठेवल्या होत्या?"

"मग? तुम्हाला काय वाटलं?"

कोटवाले खरं ते बोलले; खोटं बोलण्याचा त्यांचा कोटा कालच संपला असावा. "मला वाटलं, घाबरून विसरलात. हात थरथरत होते तुमचे."

"थरथरत होतेच. म्हणून काय विसरेन?" बाईंचा आवाज चढला. "मी काल दुपारीच तुम्हाला हरवलं होतं, कोटवाले. सरळ सरळ. आणि तुम्ही मला ते कळू दिलं नाहीत. मोठं मन दाखवायला गेलात आणि माझं उत्तर चोरलंत. पहाटे हा डाव मांडून बघेपर्यंत मला वाटत होतं की हा कप मला दयेने मिळालाय."

जिन्यावरून कुणीतरी खाली उतरून गेलं. कोटवाले टेबलावरच्या त्या डावाकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचं वाईट वाटणं विरून तिथे वेगळंच काही आलं. ते पुढे वाकले. त्यांनी बैल परत आपल्याकडे घेऊन पाहिला, पूर आधीच्या पाळीला टाकून पाहिला, एक विहीर जास्त धरून पाहिली. दर वेळी कुठून तरी एखादी चिमणी शिल्लक राहायची.

"नाहीच की," ते पुटपुटले. "कुठूनच नाही. मी हरलोच होतो."

"होतातच."

"ताई, एक घोळ झालाय," ते ओशाळून म्हणाले. "बायकोला सांगून बसलोय. काल रात्री. की मी मुद्दाम सोडला म्हणून. तिने चक्क टीव्ही बंद करून ऐकलं हो. म्हणाली, किती मोठ्या मनाचे तुम्ही. आजवर पहिल्यांदा म्हणाली असं."

बाईंनी टेबलावरचा बांध बोटाने सरळ केला. कोटवाल्यांनी सुस्कारा सोडला, खिशातून फोन काढला आणि त्यांच्यासमोरच लावला.

"हां, ऐक. ते काल मी म्हणालो ना, सोडला म्हणून? तसं नव्हतं ते... नाही गं, ऐक तर. सोडायला गेलो होतो मी, पण सोडला नसता तरी काही फरक पडला नसता... नाही, नाही, दया कसली? हरलो मी. चांगलाच हरलो. त्यांनी हरवलं मला."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. ज्या गोष्टीसाठी इतक्या शनिवारांचा जीव खाल्ला होता, ती कुणीतरी दुसऱ्याच माणसाला साध्या शब्दांत सांगत होतं, आणि त्यांना इतका आनंद झाला की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान राहिलं नाही.

"काय म्हणाल्या?" कोटवाल्यांनी फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं.

"म्हणाली, मग तुमच्यापेक्षा त्याच चांगल्या खेळतात म्हणा की."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो," कोटवाले म्हणाले.